पंखाच्या आतल्या तारखा

मार्चमधली गोष्ट. सकाळी साडेनऊला धडगावकडची एक बाई लॅबमध्ये आली. कडेवर आठेक महिन्यांचं बाळ, हातात सिकल सेलच्या तपासणीची चिठ्ठी. शहाद्यात लहान पोराचं रक्त काढायचं असलं की डॉक्टर चिठ्ठी लिहितात आणि वर तोंडी सांगतात, 'त्या ताईंकडूनच काढून घ्या.' त्या ताई म्हणजे मी. सव्वीस वर्षं सुया टोचतेय. माझा हात हलका म्हणून पोरं रडायचं विसरतात, असं लोक म्हणतात. मीही ते खोटं म्हणून कधी हसण्यावारी नेलं नाही. मला त्याचा चांगलाच तोरा होता.

त्या सकाळी मी बाळाच्या दंडाला पट्टा बांधला. बोटाला शीर लागली. सुई टेकवली आणि सुईचं टोक हललं.

बाळ हललं नव्हतं, आईनं ते घट्ट धरलं होतं. हलले होते मी. सुई शिरेच्या बाजूनं गेली, कातडीखाली निळी गाठ आली आणि बाळानं टाहो फोडला. दुसऱ्यांदा टोचलं, तेही चुकलं. तिसऱ्यांदा कसंबसं रक्त आलं. मी त्या बाईला म्हटलं, "बाळाची नस फार बारीक आहे हो." बिचारीनं मान हलवली. माझं पाप मी आठ महिन्यांच्या जिवाच्या माथी मारून मोकळी झाले.

त्या दिवशी संध्याकाळी टीव्ही बघत बसले होते. उजवा हात मांडीवर पडलेला. सहज खाली पाहिलं तर अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट एकमेकांवर घासत होतं, काहीतरी वळत असल्यासारखं. मी काही वळत नव्हते.  ही हालचाल मला पाठ होती. माझ्या वडिलांनी, आप्पांनी, अकरा वर्षं हेच केलं. शेवटी शेवटी तर पाण्याचा पेला तोंडापर्यंत न्यायला त्यांना दुसरं माणूस लागायचं. कंपवात.

मी हात उशीखाली दाबला. नवरा शेजारीच पेपर वाचत होता, त्याला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून चहाचा कप डाव्या हातानं धरायला लागले. त्याच्या लक्षात आलं नाही, आणि लक्षात आलं नाही म्हणून मला त्याचा रागही आला. भ्यालेल्या माणसाचं डोकं असंच चालतं. दवाखान्यात इतकी वर्षं काढलेली बाई मी, दुसऱ्या कुणाला हे झालं असतं तर कान धरून सुरतेला मेंदूच्या डॉक्टरकडे पिटाळलं असतं. स्वतःच्या वेळी मात्र मला आधी खात्री करायची होती, आणि तीही कुणाला न कळता. हाताची परीक्षा घ्यायची, पण कुणाच्या बाळाच्या दंडावर नाही. म्हणून मला ते विमान आठवलं.

आप्पांचं शहाद्यात एसटी स्टँडजवळ घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेत ते दरवर्षी टेबल मांडून बसायचे. मी नववीत असताना त्यांच्याबरोबर गेले होते. सुरतेकडच्या एका माणसानं परदेशी वस्तूंचा गाळा लावला होता. त्यात एक खोका दिसला. खोक्यावर रुपेरी लढाऊ विमान ढगातून वर चाललेलं, नाकाला लांब सुई. आत प्लॅस्टिकचे सुटे भाग, ते चिकटवून विमान आपणच करायचं. मी त्या गाळ्यासमोरून हलेना. पोरीच्या जातीला विमान कशाला, असं गाळेवालाच म्हणाला. तेवढ्यावरच आप्पांनी ते घेतलं. "आपण दोघं बनवू," म्हणाले. "भिंग माझं, चिमटा माझा, हात तुझे."

ते कधीच बनलं नाही. आमच्याकडची जुनी खोड अशी की चांगली वस्तू वापरायची नाही, मांडायची. टीव्हीच्या रिमोटला प्लॅस्टिक, सोफ्याला प्लॅस्टिक, आणि कुणी पाहुण्यानं दिलेला कपांचा सेट जन्मभर काचेच्या शोकेसमध्ये. विमानाचा खोकाही तिथंच गेला, चित्र पुढे करून. सुरुवातीला मी मागे लागायची. आप्पा म्हणायचे, "जरा मोठी हो." मग म्हणायला लागले, "हात लावू नकोस त्याला." एकदा मी शोकेस उघडली तर असे खेकसले की मी दोन दिवस जेवले नाही. ज्यांनी मला कधी 'अगं' सोडून 'ए' म्हटलं नाही, ते एका खोक्यासाठी ओरडले. तेव्हापासून मी त्या विमानाचं नाव टाकलं.

पस्तीस वर्षांनी, मार्चमधल्या त्या आठवड्यात, मी मायकडे गेले आणि शोकेस उघडली. माय आता ऐंशीची, आमच्याच गल्लीच्या टोकाला जुन्या घरात एकटी राहते. बाजेवर गहू निवडत बसली होती.

"कसाले पायजे तुले ते इमान? तुन्हा बापनी कोनलेच हात लावू दिधा नही."

"धूय बशी गई शे, पुशी लयस," मी धूळ पुसायचं निमित्त सांगितलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मी खोका काखेत मारून निघाले. चोरी करताना होते तशी छाती धडधडत होती, आणि चोरी तरी कसली!

आमची लॅब दुपारी एक ते चार बंद असते. शहाद्यात त्या वेळात उन्हामुळे कुत्रंही रस्त्यावर नसतं. मी मागच्या खोलीत, सेंट्रीफ्यूजच्या शेजारच्या टेबलावर खोका ठेवला. वरचं आवरण जसंच्या तसं, पिवळं पडलेलं. ब्लेडनं कापायला खोका उलटा केला, तर तळाशी एक सरळ चीर होती. कुणीतरी आधीच कापून वरून काळी इन्सुलेशन टेप लावली होती.

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, फसवलं त्या गाळेवाल्यानं आप्पांना! आधीच फोडलेला माल गळ्यात मारला. टेप ओढून काढली. आत काड्यांच्या चौकटीत लावलेले काही भाग तसेच होते, पण विमानाचं धड चिकटवलेलं होतं, उजवा पंखही. आणि काय ते चिकटवणं! दोन अर्ध्या भागांच्या सांध्यावर गोंदाचे थेंब ओघळून वाळलेले. वैमानिक खुर्चीत कलंडलेला. नाकाच्या टोकाला तर गोंदाची ढेप, सुईच्या जागी नुसता तुटका खुंट.

कुठल्या तरी अडाणी पोराचं काम, असं पुटपुटत मी धड उचललं. आत काहीतरी खुळखुळलं. शेपटीचं भोक खाली करून हलवलं तर टेबलावर एक पितळी चाक पडलं. मग दुसरं. बाजरीच्या दाण्याएवढी दातेरी चाकं. मनगटी घड्याळाची.

 खोक्यातल्या कागदावर सूचना चित्रांतून दिलेली होती: धड बंद करण्याआधी नाकात वजन घाला, नाहीतर विमान शेपटीवर बसेल. आप्पांनी वजन म्हणून घड्याळाची चाकं घातली होती. दुसरं कोण घालणार! प्लॅस्टिकचा तो गोंद प्लॅस्टिकला विरघळवतो, त्यामुळे बोट लागलं की ठसा कायमचा उमटतो. उजव्या पंखाच्या मुळाशी आप्पांच्या अंगठ्याचा ठसा होता. एकच अंगठा, पण एकावर एक तीनचारदा उमटलेला, शेजारी शेजारी सरकलेला.

गोंद ओघळू देणारा माणूस नव्हता तो! लेडीज घड्याळाची केसासारखी स्प्रिंग भिंगाखाली सरळ करणारा माणूस. मी तो ठसा किती वेळ बघत होते कोण जाणे. भीती अशी काही चढत गेली की पंखा फिरत असताना माझ्या पाठीवरून घाम निथळत होता. वाटलं, खोका बंद करावा, परत शोकेसमध्ये ठेवावा. पण आता मला थांबवेना.

दुसऱ्या दुपारी मी कामाला लागले. आप्पांचा चिमटा आणि भिंग माझ्याकडेच होतं. ट्यूबमधला गोंद मधासारखा घट्ट होऊन मेला होता, पण स्लाइड साफ करायचं झायलीन लॅबमध्ये असतंच. त्याचा एक थेंब सांध्यावर सोडला की प्लॅस्टिक एकजीव होतं. मी चाकांचे पाय लावले, चाकं लावली. हात ठीक चालला. मी खूश झाले. आपल्याला काही झालेलं नाही, उगाच जिवाला घोर लावून घेतला, असं मोठ्यानं म्हणाले. मग ब्रश खाली ठेवला, हात टेबलावर टेकवला, आणि बोटं आपसूक वळायला लागली. काम करताना गप्प, विसाव्याला बसली की सुरू. मी डाव्या हातानं त्यांच्यावर चापट मारली. हो, स्वतःच्या हाताला मारलं. वेड लागायचंच बाकी होतं.

तिसऱ्या दिवशी नाकाची सुई. खोक्यातली मोडलेली, म्हणून मी आमचीच एक घेतली, लहान बाळांसाठी वापरतो ती सगळ्यात बारीक, आणि टोक तोडून टाकलं. आप्पांची गोंदाची ढेप ब्लेडनं खरवडली तेव्हा खाली थर निघाले. पहिल्यांदा चिकटवलेली सुई, ती मोडल्यावर पुन्हा, पुन्हा, पुन्हा. मी भोक मोकळं केलं. सुई चिमट्यात धरली. सरळ समोरून, ना वर ना खाली, शिरेत जाते तशी जायला हवी.

पहिल्यांदा तिरकी बसली. काढली. दुसऱ्यांदा भोकाच्या कडेवरच नाचत राहिली, टिक टिक टिक असा प्लॅस्टिकवर आवाज येत होता. तो आवाज माझ्याच हातून निघत होता आणि मला तो ऐकवत नव्हता. तिसऱ्यांदा मी डाव्या हातानं उजवं मनगट आवळलं, श्वास रोखला आणि सुई सरळ आत गेली. जमलं म्हणून हसले. मग माझ्याच हातांकडे लक्ष गेलं. दुकानाच्या शेवटच्या दिवसांत आप्पा असेच बसायचे, एका हातानं दुसरं मनगट धरून. मी विचारायची, तर म्हणायचे, "भार कमी होतो."

चौथ्या दुपारी उरले होते फक्त पंख. प्रत्येक पंखाचे दोन भाग, वरचा आणि खालचा. उजवा आप्पांनी चिकटवला होता. डावा सुटा होता. मी खालचा भाग आतून पुसायला घेतला आणि त्यावर ओरखडे दिसले. भिंग लावलं.

इथं एक सांगायला हवं. घड्याळजी घड्याळ दुरुस्त करतो तेव्हा मागचं झाकण काढून त्याच्या आतल्या बाजूला टोकदार हत्यारानं बारीक अक्षरांत कोरतो: तारीख आणि दोष. गिऱ्हाइकाला ते कधी दिसत नाही. पुन्हा कुणी उघडलं तरच त्याला कळतं की आधी काय बिघडलं होतं. आप्पांचे शब्द ठरलेले. घड्याळ हळू चालत असेल तर 'मागे', चालतच नसेल तर 'बंद'. लहानपणी भिंगातून ते वाचायचा मला नाद होता.

पंखाच्या आत आप्पांनी तसंच कोरलं होतं. पहिली तारीख यात्रेनंतर तिसऱ्याच महिन्यातली, मी नववीतच होते. तिच्यापुढे 'उजवा हात, मागे'. खाली दुसरी तारीख, चार महिन्यांनी. 'मागे'. मग तिसरी. चौथी. प्रत्येक वेळी खोका तळातून उघडला होता, सुई लावून पाहिली होती, मोडली की परत टेप लावली होती आणि खोका चित्र पुढे करून शोकेसमध्ये ठेवला होता. अक्षरं खाली खाली मोठी आणि वेडीवाकडी होत गेलेली. सहावी तारीख मी बारावीला होते त्या वर्षातली. तिच्यापुढे एकच शब्द, 'बंद'.

त्याच महिन्यात त्यांनी दुकान बंद केलं होतं. एके दिवशी कुलूप लावून घरी आले आणि म्हणाले, "आता सेलवाल्या घड्याळात मजा राहिली नाही." आम्ही सगळ्यांनी खरं मानलं. ते दिवसभर ओट्यावर हात काखेत दाबून बसायचे. आणि मी, अठरा वर्षांची शहाणी, एकदा भरल्या घरात त्यांना म्हणाले, "दुसऱ्यांचे बाप हात हलवतात, तुमचे तर काखेतून निघत नाहीत."  त्यांनी हात तेवढे अजून आत दाबले. थरथर लोकांना दिसायला लागली ती त्यानंतर चार वर्षांनी. डॉक्टर तेव्हा म्हणाले होते, आधी का नाही आलात? आप्पा म्हणाले, "आधी काही नव्हतं."

मी टेबलावर डोकं ठेवून रडले. बापानं माझ्याबरोबर विमान बनवायचं म्हणून आधी एकट्यानं हात लावून पाहिला होता, आणि हात चालेना म्हणून मला ते कधी उघडू दिलं नाही. मला दिसू नये म्हणून. आणि मी त्याला आळशी म्हटलं. आता हे कुणाला परत सांगू, कुणाचे पाय धरू!

रडून झाल्यावर मी काय केलं ते सांगायला लाज वाटते. मी ब्लेडचं टोक घेतलं आणि 'बंद'च्या खाली माझी तारीख कोरायला लागले. दिवस, महिना, साल. 'उजवा हात'. मग वरचा पंख झाकला की झालं. झायलीनचा एक थेंब, आणि कुणाला काही दिसणार नाही.

तेवढ्यात पुढची घंटा वाजली. चार वाजले होते. बाहेर एक बाई बाळ घेऊन उभी होती. या वेळी रनाळ्याची. बाळ माझ्याकडे बघून हसलं, दात दोनच. मी हात धुतले, पट्टा बांधला, शीर सापडली. सुईचं झाकण काढलं. सुईचं टोक बाळाच्या कातडीवर नाचायला लागलं. डाव्या हातानं मनगट आवळायला मी हात उचलला, तो तसाच राहिला. मनगट आवळून जमलं असतं. आजचा दिवस जमला असता. उद्याचाही. आप्पांनी असेच तीनेक वर्षं लोकांची घड्याळं उघडली.

मी सुई ट्रेमध्ये ठेवली आणि आतल्या केबिनचं दार ढकललं. आमचे लॅबचे डॉक्टर काहीतरी टाइप करत होते.

"सर, हे बाळ तुम्ही घ्या. माझा हात कापतो."

"चहा नाही झाला वाटतं?" ते हसले.

"चहाचं नाही. आठवडा झाला. माझ्या वडिलांना होतं ते."

त्यांचं हसू गेलं. ते उठले. बाळाचं रक्त त्यांनी काढलं, किती वर्षांनी कोण जाणे, आणि बाळानं सगळी इमारत डोक्यावर घेतली. माझ्या हातून रडलं नसतं, असं मनात आलं, आणि त्या विचारानं इतकं तुटलं की मी भिंतीकडे तोंड केलं. त्यांनी सुरतेच्या डॉक्टरला तिथल्या तिथं फोन लावला. सोमवारी या म्हणाले. मी हो म्हटलं. सांगितल्यावर हलकं वाटतं म्हणतात. मला काही हलकं वाटलं नाही. भीती होती तेवढीच होती, आता तिचा वार ठरला होता एवढंच.

संध्याकाळी पंखाचा तो सुटा भाग रुमालात गुंडाळून मी मायकडे गेले. घरी नवऱ्याला सांगायच्या आधी तिच्याकडे का गेले, मला माहीत नाही. तिच्या हातात तो दिला आणि आत काय लिहिलंय ते वाचून दाखवलं. आप्पांच्या सहाही तारखा. माझी वाचली नाही.

तिनं पंखावरून बोट फिरवलं. तिला वाचता येत नाही.

"माले माहीत व्हतं," ती म्हणाली.

"काय माहीत व्हतं?"

"त्याना शर्टनं बटन मीच लावू. तू नववीमा व्हती तव्हयपाइन. तो म्हने, माले उशीर व्हयी ऱ्हायना, तू लाव."

"नववीपाइन? मंग बोलनी काबर नही?" मी जवळजवळ ओरडलेच.

"त्यानी सांगं नही, मी इचारं नही. त्याले वाटे, हिले समजस नही. वाटू दिधं." तिनं पंख हातात फिरवला. "आमी दोनी जण भ्याऊत. एकमेकले दखाडं नही."

बाहेर गल्लीत कुणीतरी मोटारसायकलला किक मारत होतं, ती सुरू होत नव्हती. मायनं पंख बाजेवर ठेवला. तिच्या बोटाला सगळ्यात खालचे ओरखडे लागले असावेत, ते ताजे होते, धारदार. ती परत तिथंच बोट नेऊन थांबली. मग तिनं माझा उजवा हात ओढून स्वतःच्या मांडीवर ठेवला आणि सोडून दिला, नुसता पडू दिला. मी काढून घेऊ शकले असते. अंगठा आणि बोट हळूहळू वळायला लागलं. तिनं ते दाबलं नाही. बघत राहिली.

"कव्हयपाइन?" तिनं विचारलं.

मी तारीख सांगितली.